भुलाबाईचीं गाणीं आणि ताराबाईंचा ग्रंथ

बुलढाणा जिल्ह्याचें नांव निघालें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें जिजाबाईंचें सिंदखेडराजा येतें, लोणारचें सरोवर येतें, शेगांव येतें. परंतु विवाहसंस्थेंतील स्त्रीच्या दुःखास मराठींत वाचा कशी फुटली, ह्याचा शोध घेणाऱ्यासही ह्याच जिल्ह्यांत थांबावें लागतें. येथें त्या दुःखाला दोन वाटा सांपडल्या. एक वाट गाण्याची. तिला सनावळीचा उपयोग नाहीं. दुसरी गद्याची, तिचें साल छापील आहे, १८८२. ह्या दोहोंचा परस्परसंबंध काय, आणि एक टिकली व दुसरी बुजली असें कां झालें, ह्याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वऱ्हाडांत आणि खानदेशांत भाद्रपदी पौर्णिमेस भुलाबाई बसते व कोजागरीस तिला निरोप मिळतो. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर. पार्वती माहेरपणास आली आहे, ही ह्या खेळामागची भावना. ह्या मातीच्या जोडप्यापुढें महिनाभर संध्याकाळीं मुली टिपऱ्यांच्या तालावर गाणीं म्हणतात, आणि झांकून आणलेली खिरापत ओळखतांना हंशा उसळतो. देशावर भोंडला व हादगा हेंच काम करितात. कित्येक गाणीं दोहींकडे सामाईक आहेत.

त्यांपैकीं कारल्याच्या वेलाचें गाणें सर्वपरिचित आहे. सून माहेरीं जाण्याची परवानगी मागते. सासू तिला आधीं कारल्याचा वेल लावण्यास सांगते. मग वेल वाढेपर्यंत थांबावयाचें, मग फुलासाठीं, मग फळासाठीं, मग भाजी होईपर्यंत. अटी पुऱ्या झाल्या म्हणजे सासू सासऱ्याकडे बोट दाखविते, आणि परवानगी घरांतील एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते; अखेरचा शब्द नवऱ्याचा. छळ हा शब्द ह्या गाण्यांत कोठेंही नाहीं. तरी वेलाच्या वाढीबरोबर लांबणारा काळ, मुद्दाम निवडलेली ती कडू भाजी आणि हातोहात पुढें ढकललेली परवानगी, ह्या तीन गोष्टींनीं एकत्र कुटुंबांतील सुनेची स्थिति जितकी नेमकी उभी केली आहे, तितकी ती एखाद्या प्रबंधांतही क्वचित् सांपडेल. नकार कोणीच देत नाहीं, म्हणून जाबही कोणास विचारतां येत नाहीं. ही त्या व्यवस्थेची खरी खुबी होती.

दुसऱ्या एका गाण्यांत बाजू उलटते. मुलगी माहेरीं आहे. तिला न्यावयास सासरचीं माणसें दागिने घेऊन एकामागून एक येतात. प्रत्येकाला ती साफ नकार देते, दारें लावावयास सांगते, वर कुत्रें सोडण्याचा हुकूम करते. जिला सासरीं साध्या गोष्टीसही विचारावें लागे, ती येथें हुकूम सोडते! ही सुटका कल्पनेंतली खरी, पण तिला हलकी लेखणें योग्य होणार नाहीं. ज्या समाजांत मुलीचें लग्न कळत्या वयापूर्वींच होत असे, त्या समाजांत खेळाच्या मिषानें कां होईना, ‘नाहीं’ म्हणण्याचा सराव तिला ह्या एका ठिकाणींच मिळे. मात्र पुष्कळ पाठांत शेवटीं नवरा येतो, आणि मग दारें उघडतात. गाण्याची धांव तेथवरच.

अंगणांत समुदायानें म्हटलें जाणारें हेंच दुःख जात्यापाशीं एकांतांत ओवी होत असे. घर निजलेलें असतां, जात्याच्या घरघरीच्या आडोशानें, बाई मनांतलें बोलूं शके. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हेमा रायरकर व गी पॉइटवाँ ह्यांच्या पुढाकारानें महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविण्यांत आल्या. ह्या ओव्यांत सुखाचें सर्वांत मोठें प्रतीक माहेर हें आहे. पण एका मुलीचें माहेर हें तिच्या आईचें आणि भावजयीचें सासर असतें. एकीचा विसावा दुसरीच्या कष्टांवर उभा असतो. हें कोडें ओळखणारी प्रतिभा बुलढाण्याच्या शेजारच्याच जळगांव जिल्ह्यांत आसोद्यास १८८० सालीं जन्मली. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरी ह्यांनीं एका कवितेंत योग्याच्या प्रश्नास उत्तर देतांना सासरीं राहण्याचा अर्थ पुढच्या पिढीच्या आसऱ्यांत शोधला आहे. उत्तर उदात्त आहे. परंतु पहिलीनें कां सोसावें, हा प्रश्न त्या उदात्ततेनें मिटत नाहीं.

तो प्रश्न उघडपणें विचारणारी स्त्री बुलढाण्यांतच होऊन गेली. ताराबाई शिंदे ह्यांचा जन्म १८५० च्या सुमारास झाला. वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत नोकरीस असून सत्यशोधक समाजाचे सभासद होते. त्यांनीं मुलीला मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविलें आणि जांवई घरीं आणला. म्हणजे ज्या सासरवाटेवर मराठी स्त्रीगीताचा सारा डोलारा उभा आहे, ती वाट ताराबाईंना चालावी लागली नाहीं. तरी आपण मराठ्यांच्या घरांत कोंडलेली स्त्री आहों, असेंच त्यांनीं प्रस्तावनेंत म्हटलें आहे. सासर टळलें म्हणून पडदा टळत नाहीं, हें त्या अनुभवानें जाणत होत्या.

१८८१ त सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेस बालहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. ती पुढें कमी करण्यांत आली. त्या निमित्तानें वृत्तपत्रांनीं सर्व स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलें. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. पुण्यास श्रीशिवाजी छापखान्यांत १८८२ त ती निघाली. प्रती पांचशें, किंमत नऊ आणे.

ह्या पुस्तकांत कारल्याच्या वेलाची ओट नाहीं. ताराबाईंनीं विवाहाचीं रूढ प्रतीकें उचललीं आणि उलटीं करून धरलीं. सावित्री पतीसाठीं यमाच्या दारापर्यंत गेली. पत्नीसाठीं त्या वाटेला लागलेला एक तरी पति दाखवा, असें त्या पुरुषांस विचारतात. पति गेला म्हणजे स्त्रीनें केशवपन करावें, तर पत्नी गेली असतां पुरुषानें दाढीमिशा काढून रानांत कां जाऊं नये, असाही त्यांचा सवाल आहे. भाषा घरगुती, प्रसंगीं शिवराळ. पण तिचा रोख अचूक आहे.

परिणाम काय झाला? जोतीराव फुले ह्यांनीं १८८५ त ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकांत ताराबाईंची बाजू उचलून धरली. बाकी समाजानें पुस्तकाकडे पाठ फिरविली. ताराबाईंचें हेंच एक पुस्तक प्रसिद्ध झालें. १९१० च्या सुमारास त्या वारल्या. १९७५ त स. गं. मालशे ह्यांनीं तें पुनः छापलें, तोंपर्यंत तें जवळजवळ विस्मृतींत होतें. भुलाबाईचीं गाणीं मात्र ह्या सर्व काळांत घरोघर चालूं होतीं.

आमच्या मतें ह्याचें कारण वाङ्मयीन गुणांत शोधावयाचें नाहीं. गाण्याला कर्ती नव्हती, म्हणून दोष देण्यास कोणी नव्हतें. त्यांत सासू होती, पण अमक्याची सासू नव्हती. तें स्त्रियांनीं स्त्रियांपुढें म्हणावयाचें आणि पुरुषांनीं खेळ म्हणून सोडून द्यावयाचें. त्यामुळें मनावरचा भार हलका होई आणि घराची घडीही मोडत नसे. ग्रंथाला कर्ती होती, आणि ती थेट पुरुषांशीं बोलत होती. प्रतीकाच्या आश्रयानें दुःख जगलें. पण त्याच आश्रयामुळें तें निरुपद्रवी ठरलें, हें मान्य केलें पाहिजे.

म्हणून एकास थोर व दुसऱ्यास क्षुद्र ठरविणें अन्यायाचें होईल. पिढ्यान्पिढ्या ‘नाहीं’ म्हणण्याचा सराव स्त्रियांत चालूं राहिला तो गाण्यामुळें, आणि ज्या भाषेंत ताराबाई भांडल्या तिचा झणझणीतपणा बायकांच्या बोलींतलाच आहे. आज पीठ गिरणींत दळून येतें, जातीं अडगळींत पडलीं आहेत, आणि भुलाबाई पुष्कळ ठिकाणीं हौसेच्या कार्यक्रमापुरती उरली आहे. तीं गाणीं आपण कौतुकानें ऐकतों तेव्हां एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कारल्याच्या गाण्यांत प्रत्येकजण सुनेला दुसऱ्याकडे पाठवितो, आणि ती निमूटपणें जाते. बुलढाण्याच्या ह्या बाईनें मात्र दुसऱ्याकडे जाण्याचें नाकारलें, आणि उत्तर समोरच्याकडेंच मागितलें.