जुना गृहसंगणक आणि आजचे आंतरजाल

यंत्राचे आयुष्य त्याच्या अवयवांवर अवलंबून असते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. चाक झिजले की गाडी थांबावयाची, कमान तुटली की घड्याळ थांबावयाचे. संगणकाच्या बाबतीत मात्र ही समजूत पुरी पडत नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा एखादा सुस्थितीतील गृहसंगणक वीज जोडताच आजही पूर्वीच्याच तत्परतेने जागा होतो. परंतु त्याला आजच्या आंतरजालावर नेऊन उभे केले, तर काही दारे त्याच्यासाठी सहज उघडतात आणि पुष्कळशी उघडतच नाहीत. असे का व्हावे, हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा नव्हे. आपले लेखन पुढील पिढ्यांच्या हाती पडावे असे ज्यांना वाटते, त्या सर्वांनी विचारात घ्यावा असा हा इतिहास आहे.

अमेरिकेतील कमोडोर कंपनीने १९८२ साली ‘कमोडोर ६४’ नावाचा संगणक बाजारात आणला. त्याची आरंभीची किंमत ५९५ डॉलर होती. नावातील ६४ हा आकडा त्याच्या स्मृतीचा, म्हणजे ६४ किलोबाइटांचा. आणि त्याच्या प्रक्रियकाचा वेग सेकंदाला सुमारे दहा लक्ष स्पंदांचा. कळफलक आणि संगणक एकाच पेटीत असत, पडद्याचे काम घरातील दूरचित्रवाणी संचाकडून करून घेत आणि कार्यक्रम बहुधा कॅसेटवर साठवीत. संगणक सुरू करताच ३८,९११ बाइट मोकळे असल्याची वर्दी पडद्यावर उमटे. त्या पडद्यावर चाळीस अक्षरांच्या पंचवीस ओळी, म्हणजे एका वेळी एक हजार अक्षरे मावत.

त्याच वर्षी इंग्लंडात ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा गृहसंगणक निघाला. पुढे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन तो ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने आपल्याकडे विकला. १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातून ‘बीबीसी मायक्रो’ हा त्याच पिढीतील संगणक भारतातील शाळांमध्ये पोहोचला. तेव्हा या यंत्रांची गोष्ट आपल्या वाचकांना अगदीच परकी वाटण्याचे कारण नाही.

हे संगणक निर्माण झाले तेव्हा ‘वेब’ अस्तित्वात नव्हते. परंतु ज्या नियमावर आंतरजाल उभे आहे, तो नियम मात्र नुकताच ठरला होता. १९८१ च्या सप्टेंबरात त्याची चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेतील ‘अर्पानेट’ या जाळ्याने तो अंगीकारला. नियमाचा गाभा साधा आहे. मजकुराची लहान लहान पुडकी करावी, प्रत्येकावर पाठविणाराचा आणि घेणाराचा पत्ता लिहावा, आणि पोच न आल्यास पुडके पुन्हा पाठवावे. ही चौथी आवृत्ती आजही जगभर वापरात आहे. म्हणजे जुना गृहसंगणक आणि आंतरजालाचा मूळ नियम हे एकाच काळाचे समवयस्क होत.

या समवयस्कतेचा खरा उपयोग अ‍ॅडम डंकेल्स या स्वीडिश संशोधकाने करून दाखविला. अत्यल्प स्मृतीच्या यंत्रांना आंतरजालाचा पूर्ण नियम पाळता यावा, म्हणून त्याने एक आटोपशीर कार्यक्रम रचला. त्यातील युक्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मोठा संगणक पाठविलेल्या प्रत्येक पुडक्याची प्रत पोच मिळेपर्यंत जपून ठेवतो. लहान यंत्रापाशी तेवढी जागा नसते. म्हणून डंकेल्सच्या योजनेत यंत्र एका वेळी एकच पुडके हाताळते, आणि ते हरवलेच तर प्रत शोधण्याऐवजी मजकूर नव्याने तयार करून पाठविते. याच पायावर २००३ साली त्याने ‘कॉन्टिकी’ ही प्रणाली प्रसिद्ध केली. तिच्या साहाय्याने कमोडोर ६४ वेबवरील पाने वाचू लागला. इतकेच नव्हे, तर स्वतःची पाने इतरांस वाढूही लागला. पुढे हीच कॉन्टिकी तापमान व आर्द्रता मोजणाऱ्या चिमुकल्या उपकरणांमध्ये वापरली गेली. जुन्या यंत्रासाठी अंगी बाणविलेली काटकसर नव्या यंत्रांच्या कामी आली, असेच म्हणावे लागेल.

आज असा संगणक जोडणे फारसे अवघड राहिलेले नाही. हौशी तंत्रज्ञांनी कमोडोरसाठी आणि स्पेक्ट्रमसाठीही जाळ्याची जोडकार्डे तयार केली आहेत. काही छोटी उपकरणे घरातील बिनतारी जाळ्याशी संधान बांधतात आणि जुन्या संगणकापुढे मात्र दूरध्वनीच्या मोडेमचे सोंग घेतात. पान मागविले, की ओळीमागून ओळ पडद्यावर उतरते. चित्रे वगळलेली असतात. उरतो तो मजकूर आणि पुढील पानांकडे नेणारे दुवे.

वेबचे मूळ रूप याहून फारसे निराळे नव्हते. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत वेबची रचना केली आणि १९९१ साली ती जगापुढे आली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने तिचे हक्क सर्वांसाठी खुले केले. या रचनेतील एक उदार संकेत असा, की वाचणाऱ्या यंत्राला एखादी खूण उमगली नाही, तर त्याने ती सोडून द्यावी आणि उरलेला मजकूर दाखवावा. सर्नने २०१३ साली आपले पहिले संकेतस्थळ मूळ पत्त्यावर पुन्हा उभे केले. तसली साधी पाने जुना संगणक विनासायास वाचतो.

मग दारे बंद होतात ती कोठे? पहिले कुलूप गुप्तलेखनाचे. आज बहुतेक संकेतस्थळे मजकूर कूटबद्ध करूनच पाठवितात. त्यासाठी लागणाऱ्या एका प्रचलित किल्लीतील संख्या ६१७ अंकी असते. कमोडोरचा प्रक्रियक एका वेळी आठच बिट हाताळतो आणि त्याच्या आज्ञावलीत गुणाकाराची आज्ञाच नाही. प्रत्येक गुणाकार त्याला बेरजा करून सोडवावा लागतो. त्याचे उत्तर तयार होण्यापूर्वीच पलीकडचा संगणक कंटाळून संभाषण तोडण्याचा संभव अधिक. शिवाय हे कुलूपही वेळोवेळी बदलते. त्याच्या १९९९ आणि २००६ सालच्या आवृत्त्या प्रमुख ब्राउझरांनी २०२० च्या सुमारास बाद केल्या. या बदलास दोष देता येणार नाही. लोकांची पत्रे आणि पैसा यांचे रक्षण त्यानेच होते.

दुसरा अडथळा वजनाचा, आणि तो मात्र आपणच वाढविलेला आहे. दोन मेगाबाइटांचे पान आज कोणास अपवादात्मक वाटत नाही. कमोडोरच्या संपूर्ण स्मृतीच्या ते बत्तीसपट होते. पुष्कळदा त्या पानात वाचनीय मजकूर चार-सहा किलोबाइटच असतो आणि बाकी सारा सरंजाम असतो. कित्येक पाने तर मजकूर धाडीतच नाहीत. मजकूर तयार करणारा कार्यक्रम धाडतात आणि तो वाचकाच्या यंत्राने चालवावा अशी अपेक्षा धरतात.

यावर तोडगा म्हणून मध्ये एक दुभाषी बसविण्यात येतो. एखादा लहानसा आधुनिक संगणक पान मागवितो, कुलूप उघडतो, सरंजाम उतरवितो आणि निव्वळ मजकूर जुन्या संगणकाच्या हाती देतो. येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. दुभाष्यापासून पुढची वाट उघडी असते. म्हणून पेढीचे व्यवहार किंवा परवलीचे शब्द त्या वाटेने कदापि नेऊ नयेत.

तिसरा अडथळा लिपीचा, आणि तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे. कमोडोरच्या अक्षरसंचात २५६ आकृत्या, प्रत्येक आठ गुणिले आठ ठिपक्यांची; त्यांत देवनागरी नाही. सर्व लिप्यांना स्थान देणारी ‘युनिकोड’ ही पद्धत १९९१ साली आली. तिच्या नेहमीच्या मांडणीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हास तीन बाइट लागतात, आणि जोडाक्षरांची जुळणी यंत्राला निराळी शिकवावी लागते. जुन्या संगणकावर मराठी पान पाहावयाचे, तर दुभाष्याने त्याचे ३२० गुणिले २०० ठिपक्यांचे चित्र काढून द्यावे हा सुलभ मार्ग; त्याला ८,००० बाइट पुरतात.

परंतु याची दुसरी बाजू अधिक विचार करावयास लावणारी आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात आंतरजाल सर्वसामान्यांस खुले झाले. त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मराठीतील कितीतरी पाने युनिकोडमध्ये नव्हे, तर निरनिराळ्या खासगी टंकांत लिहिली गेली. त्या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. टंक नसेल, तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. अशी पाने वाचावयास त्या काळचा संगणक, त्या काळचा ब्राउझर आणि तो विशिष्ट टंक हेच साधन पुष्कळदा उरते. जुने यंत्र नवे पान वाचू शकत नाही याचे आपणांस नवल वाटत नाही. नवे यंत्रही आपले वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे पान वाचू शकत नाही, याची मात्र खंत वाटावयास हवी.

या सगळ्या इतिहासाचा इत्यर्थ एकच. जो नियम साधा होता आणि सर्वांस खुला होता, तो चाळीस वर्षे टिकला. जे एका कंपनीच्या टंकावर किंवा क्षणिक सजावटीवर विसंबले, ते एका पिढीतच मुके झाले. मराठी आणि कोंकणी संस्थांनी आपल्या स्मरणिका, अंक आणि इतिवृत्ते आंतरजालावर ठेवताना त्यांची एक प्रत युनिकोडमधील साध्या मजकुराच्या स्वरूपात अवश्य राखावी, आणि खासगी टंकांतील जुने साहित्य, ते वाचणारी यंत्रे चालू आहेत तोवरच, रूपांतरित करून घ्यावे. जुना गृहसंगणक अडगळीत टाकण्यापूर्वी त्यात आपले काही अडकून राहिले आहे काय, एवढे तरी पाहावे.