एकाच बाईच्या दोन फायली

आमवाताची फाईल एका डॉक्टरकडची, कॅन्सरची दुसऱ्याकडची, आणि दोन्ही एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सुरगाण्याहून किंवा निफाडहून नाशिकला आलेली बाई. या विषयात नव्याने येणाऱ्याने सुरुवात या पिशवीपासूनच करावी. आमवात, ल्युपस, हाशिमोटोचा थायरॉइड विकार या स्वयंप्रतिकार आजारांत प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उठते. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये तीच प्रतिकारशक्ती बिघडलेल्या पेशींकडे काणाडोळा करते. मग जिची प्रतिकारशक्ती आधीच चवताळलेली आहे, ती बाई या कॅन्सरमध्ये जास्त जगते की कमी? आजवरच्या अभ्यासांची उत्तरं एकमुखी नाहीत. ती का नाहीत, हे कळलं की विषयात निम्मा प्रवेश झाला.

आशेला आधार आहे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ साली अंडाशयाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरचे १८६ नमुने तपासून प्रसिद्ध केले. ज्यांच्या गाठीत प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी शिरल्या होत्या, त्यांच्यापैकी ३८ टक्के बायका पाच वर्षं जगल्या; ज्यांच्या गाठीत त्या नव्हत्या, त्यांच्यापैकी फक्त ४.५ टक्के. इतकी तफावत पाहून कोणीही हुरळून जाईल. पण प्रतिकारशक्तीचा लगाम सोडणारी नवी औषधं त्वचेच्या मेलानोमात चालली तशी अंडाशयात चालली नाहीत.

एक दुर्मिळ आजार मात्र मुद्दाम लक्षात ठेवा. पन्नाशी-साठीची बाई अचानक झोकांड्या खात चालू लागते, बोलणं जड होतं, कपबशी हातात धरवत नाही. सुरुवातीला मेंदूच्या स्कॅनमध्ये बहुधा काही दिसत नाही. रक्तात अँटी-यो प्रतिपिंडं सापडतात, मग शोध घेतल्यावर अंडाशयात किंवा स्तनात गाठ निघते, कधी अगदी लहान. गाठीतल्या पेशी लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशींचं प्रथिन बनवत असतात; प्रतिकारशक्ती गाठीवर चालून जाते आणि मेंदूही भाजून काढते. गेलेला तोल सहसा परत येत नाही. चवताळलेल्या प्रतिकारशक्तीला ज्यांना सरसकट वरदान म्हणायचं आहे, त्यांनी आधी असा रुग्ण पाहावा.

आता जास्त जगली की कमी, या हिशेबाचा गुंता. ल्युपसने मूत्रपिंड अधू केलं असेल तर कार्बोप्लॅटिन या कॅन्सरच्या औषधाची मात्रा त्यानुसार ठरवावी लागते. वर्षानुवर्षं स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या बाईचं जगणं आजाराने बदललं की औषधाने? ल्युपसमध्ये पोटात पाणी झालं की सीए-१२५ हा अंडाशयाच्या कॅन्सरसाठी रक्तात तपासला जाणारा आकडा कॅन्सरशिवायही चढतो. पोटाच्या क्षयातही चढतो, आणि आपल्याकडे हा घोळ नेहमीचा. सगळ्यात फसवी गोष्ट तारखांची. कॅन्सरनंतर चार वर्षांनी जिला आमवात झाला, ती ती चार वर्षं जगली म्हणूनच आमवाताच्या यादीत आली. तिला पहिल्या दिवसापासून त्या गटात मोजलं, तर आमवात आयुष्य वाढवतो असंच गणित निघणार! मोठमोठ्या आकडेवारीतही ही चूक खपून जाते.

महाराष्ट्राला मोजणीची सवय जुनी आहे. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासूनची, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासूनची. संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रांच्या चमूने १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखी मोजली. कॅन्सर मोजणारे वेगळे, सांधे मोजणारे वेगळे. या विषयाला दोन्ही वह्या शेजारी ठेवाव्या लागतात, आणि ते काम परदेशातून कोणी येऊन करणार नाही.

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे राज्यभरातून पदव्युत्तर प्रबंध येतात. विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना एकच विनंती: अंडाशयाच्या कॅन्सरच्या प्रत्येक केसपेपरवर स्वयंप्रतिकार आजार होता का, कोणत्या साली कळला, कोणती औषधं कधीपासून चालू होती, एवढं तारखांसह लिहून घ्या.