बोंबील, औषध आणि प्रतिष्ठा

आपल्या समाजाच्या अन्नाचा इतिहास अजून नीट लिहिला गेलेला नाही. देवळांचा लिहिला गेला. ओझरचा विघ्नेश्वर घ्या. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजीअप्पाने या देवळाच्या शिखरावर सोने चढवले, असे अष्टविनायकाच्या पुस्तिका सांगतात. त्याच वसईच्या किनाऱ्यावरचे वाळके बोंबील घाट चढून आमच्या चुलीपर्यंत कसे आले, हे कोणी सांगत नाही. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात यज्ञ आहेत, दक्षिणा आहे, दान दिलेल्या गायी आहेत. मीठ-मासळीची ओझी वाहणारा माणूस त्यात नाही.

आमच्या घरी दूध विकायला असे आणि मटण सणाला. एरवी बाजारातून मापाने आणलेली सुकट. मूठभर सुकट, कांदा, मिरची आणि बाजरीची भाकरी. त्यावर घर चालले आणि माझे शिक्षणही झाले.

आता औषधाचा इतिहास पाहा. कॉड माशाच्या यकृताचे तेल युरोपात मुडदूस झालेल्या मुलांना देत. त्यातल्या गुणकारी द्रव्याला १९२२ साली मॅककॉलमने ‘ड जीवनसत्त्व’ म्हटले. १९४० साली जर्मनीने नॉर्वे घेतला, कॉडचे तेल मिळेनासे झाले. तेव्हा मद्रास, त्रावणकोर, मुंबई या किनाऱ्यांवर मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताचे तेल काढले जाऊ लागले. पुढे १९७१ पासून बांग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडच्या इन्युइटांच्या रक्तातील चरबीचा अभ्यास मांडला, आणि ‘ओमेगा-३’ हा शब्द हळूहळू औषधांच्या दुकानात पोचला. मासा बाटलीत आणि कॅप्सूलमध्ये शिरला, की तो सोवळा झाला.

इथे भाबडेपणाही नको. ओमेगा-३ भरपूर असते ते तारली, बांगडा अशा तेलकट माशांत. बोंबलात चरबी कमी, आणि उन्हात वाळवताना तीही खवट होते. सुकटीचे मोल तिच्या प्रथिनांत आणि कॅल्शियममध्ये आहे. जवसाच्या चटणीत ओमेगा-३ असते, पण माशातल्या प्रकारात त्याचे रूपांतर शरीर थोडेच करते. कॅप्सूलचेही तसेच. अमेरिकेत सुमारे २६ हजार लोकांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज १ ग्रॅम घेऊनही हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि त्यामुळे येणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण लक्षणीय घटले नाही, असे २०१८ साली दिसले. तेव्हा आपल्या अन्नाचा कैवार घेण्यासाठी त्याला रामबाण ठरवण्याची गरज नाही.

प्रश्न गुणांचा नाहीच, प्रतिष्ठेचा आहे. प्राध्यापकाची नोकरी लागल्यावर खोली शोधताना एका घरमालकाने मला विचारले, “बोंबील भाजणार नाही ना?” त्याने जात विचारली नाही, बोंबलातच ती विचारून झाली. हाच प्रश्न शाळेच्या ताटापर्यंत येतो. २०२३ साली महाराष्ट्राने शालेय पोषण आहारात अंडे आणले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा स्वतंत्र निधी थांबवला आणि खर्च लोकसहभागातून उभा करा म्हणून सांगितले. ज्यांच्या घरी अंडे परवडत नाही, त्यांनीच लोकसहभाग द्यायचा!

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे: आपापल्या आजीला विचारा, दुष्काळात काय शिजले, काय लपवून शिजले, आणि ते लिहून ठेवा. ज्यांच्या ताटाची नोंद नसते, त्यांच्या मुलांच्या ताटाचा निर्णय दुसरेच घेतात.