सरवा

१८५७ म्हटलं की आपल्याला शाळेतला इतिहास आठवतो. मेरठ, कानपूर, झाशी. त्याच वर्षी तिकडे पॅरिसच्या सलोनमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात, एक साधंसं चित्र लागलं होतं. ज्याँ-फ्रांस्वा मिलेचं 'द ग्लीनर्स'. कापणी झालेलं गव्हाचं शेत आणि खाली सांडलेल्या ओंब्या वेचणाऱ्या तीन बायका. बस्स, एवढंच.

हे चित्र दोन वर्षं माझ्या लॅपटॉपचा वॉलपेपर होतं. कारण काय, तर शांत वाटतं! रिलीजच्या आठवड्यात तेवढाच डोळ्यांना आराम.

पॅरिसच्या लोकांना मात्र ते अजिबात शांत वाटलं नव्हतं. १८४८ ची क्रांती होऊन नऊच वर्षं झाली होती. गरिबांना एवढं मोठं, एवढं गंभीर करून दाखवायचं म्हणजे पुन्हा काहीतरी पेटवायचा विचार दिसतोय, अशी धास्ती बऱ्याच समीक्षकांनी घेतली. मिले स्वतः नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याचा मुलगा, १८४९ पासून बार्बिझों गावात राहणारा. त्याला या चित्राचे ३००० फ्रँक मिळाले. १८८९ मध्ये, तो जाऊन चौदा वर्षं झाल्यावर, तेच चित्र ३ लाखांना विकलं गेलं. आज ते पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे.

असो. हे सगळं मी नंतर वाचलं. चित्र मला खऱ्या अर्थाने दाखवलं ते आज्जीने.

दिवाळीत लातूरजवळ आमच्या गावी गेलो होतो. लॅपटॉप उघडला तर आज्जी चष्मा सावरत म्हणाली, "सरवा येचायल्यात की बाया!"

मी उडालोच. इंग्रजी शब्दाचा अर्थ मी डिक्शनरीत शोधला होता, आणि आपल्याकडे त्याला सरळ एक शब्द आहे! पीक काढल्यावर रानात राहिलेल्या शेंगा, कणसं म्हणजे सरवा. लग्नाआधी आज्जी तिच्या आईबरोबर भुईमुगाचा सरवा वेचायला जायची. डावीकडच्या बाईचा पाठीमागे घेतलेला हात तिने बरोबर हेरला. म्हणाली, दिवसभर वाकलं की हात आपोआप कंबरेवर जातो.

मग तिने विचारलं, "आन् मालकाचा माणूस कुठाय?"

म्हटलं, आज्जी, यात माणूस नाहीये. तरी झूम केलं. मागे उन्हात गंज्या, भरलेली गाडी, आणि पार उजवीकडे, अगदी बारीक, एक घोडेस्वार. देखरेख करणारा. दोन वर्षं रोज बघून मला तो दिसला नव्हता. आज्जीने तो न दिसताच ओळखला, कारण सरवा वेचताना मान खाली असली तरी लक्ष त्याच्याकडेच असायचं. कधी हाकलून देईल याचा नेम नसे.

दुसऱ्या दिवशी शेतात गेलो. आमचं सोयाबीन नुकतंच निघालं होतं. तीन-चार बाया वाकून शेंगा वेचत होत्या. मी बांधावर मोबाईल घेऊन उभा. फोटो काढावा म्हणून हात वर केला, तर त्यातली एक झटकन सरळ झाली आणि म्हणाली, "जातोव मालक, झालंच."

मी "वेचा वेचा, सावकाश" म्हणालो खरा, पण आवाज काही नीट निघाला नाही. फोटो काढला नाही.

वॉलपेपर अजून तोच आहे. फक्त हल्ली नजर आधी उजव्या कोपऱ्यात जाते.