पुतळीवरचा संत मार्क

तुळजापूरच्या श्रीभवानीच्या अलंकारांत पुतळ्यांच्या माळा आहेत. धाराशिवकडील जुन्या सधन घरांतूनही अशी माळ सासूकडून सुनेकडे येत असे. ही पुतळी मुळात दागिना नव्हे. ते नाणे आहे, आणि तेही व्हेनिसचे. इ. स. १२८४ पासून, १७९७ साली नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवीपर्यंत, व्हेनिसने हा सोन्याचा डुकाट जवळजवळ एकाच छापाने पाडला. वजन साडेतीन ग्रॅम, सोने बावनकशी. एका बाजूस संत मार्क उभा असून गुडघे टेकलेल्या नगरप्रमुखाच्या हाती ध्वज देत आहे. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या वलयात आशीर्वाद देणारा प्रभू येशू. आपल्या लोकांना त्या आकृत्या बाहुल्यांसारख्या दिसल्या, म्हणून नाव पडले पुतळी. तमिळ मुलुखात तर ध्वजदंडाला ताडाचे झाड समजून त्यास ताडी काढणाऱ्या शाणाराचे नाणे म्हणत!

मिरी आणि कापड यांच्या मोबदल्यात युरोपाजवळ देण्यासारखे सोन्यारुप्यावाचून फारसे काही नव्हते. तांबड्या समुद्रातून आलेले हे सोने चौल व दाभोळ बंदरांत उतरे. चौल निजामशाहीचे, दाभोळ आदिलशाहीचे. परांडा आणि नळदुर्ग हे याच दोन राज्यांचे किल्ले. घाटावर पुतळी चढली ती अशी.

आमच्यातील काही उत्साही बंधू तिच्यात ख्रिस्ती धर्माच्या आगमनाची खूण शोधतात. आम्हांस ते पटत नाही. सराफाने कसोटीवर सोने घासले, संत मार्काची ओळख विचारली नाही.

युरोपातही असेच घडले. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला. त्यानंतर पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याने दहा क्रुझादोंचे, सुमारे ३५ ग्रॅमचे भले थोरले नाणे काढले. त्यावर क्रूस होता, आणि राजाच्या बिरुदावलीत इथिओपिया, अरबस्तान, इराण यांच्याबरोबर हिंदुस्थानचेही नाव. उत्तरेकडील व्यापाऱ्यांत त्याची पत इतकी वाढली की, सोळाव्या शतकात जर्मनीतील हाम्बुर्ग शहराने त्याच्या बरोबरीचे नाणे पाडले, त्याचे नाव पोर्तुगालोझर. पोर्तुगालच्या वजनाचे व कसाचे, अशी ग्वाही त्यावर जर्मन भाषेत कोरली. हाम्बुर्ग १५२९ सालीच ल्यूथरपंथी झाले होते; तरी कॅथलिक राजाच्या नाण्यावरचा क्रूस त्यांनी आनंदाने उचलला! पुढे ही नाणी सन्मानार्थ देण्याची पदकेच बनली. आज त्यांतील आरंभीची नाणी फार दुर्मिळ आहेत.

आपल्याकडील पुष्कळ माळा मोडीत गेल्या. हल्ली सराफ जी पुतळी विकतात तिच्यावर बहुधा लक्ष्मी असते. जुन्या पुतळीवर ध्वजदंड धरलेल्या दोन आकृती दिसल्या, तर कडेची अक्षरे पाहावीत. ती लॅटिनमध्ये वाचता आली तर नाणे व्हेनिसचे असण्याचा संभव मोठा. नुसत्या रेघोट्या असल्या, तर ती देशी सोनाराने केलेली नक्कल.