ईआरसीसी-१ जनुक

मानवी डीएनए-दुरुस्ती करणाऱ्या एका एंझाइमाच्या घटकाचे जनुक. नेदर्लंड्समधील रॉटरडॅम येथे डर्क बॉट्समा, यान हूयमाकर्स इ. शास्त्रज्ञांनी ते १९८४ मध्ये अलग केले. दुरुस्तीची क्षमता गमावलेल्या चिनी हॅम्स्टरच्या पेशींत त्यांनी मानवी डीएनए घातला. मायटोमायसीन-सी या विषारी द्रव्यातही ज्या पेशी तगल्या, त्यांत हे जनुक आढळले. १९८६ मध्ये त्याचा क्रम प्रसिद्ध होऊन २९७ ॲमिनो अम्लांच्या प्रथिनाचा बोध झाला. हे जनुक १९ व्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेवर असते. त्याचे प्रथिन एक्सपीएफ या प्रथिनाच्या जोडीने, जंबुपार किरणांनी बिघडलेल्या भागाच्या एका बाजूस डीएनएचा धागा छेदते. हे जनुक निकामी केलेली उंदरांची पिल्ले यकृत बिघडून लवकर मरतात, असे १९९३ मध्ये दिसून आले. या जनुकाच्या जन्मजात दोषाचा पहिला मानवी रुग्ण २००७ मध्ये नोंदला गेला. तोही बालवयातच दगावला.