मिऱ्यांच्या पाण्यांतील जीव

हॉलंडमधील डेल्फ्ट या शहरांत सतराव्या शतकांत आंतोनी व्हान लेव्हेनहूक नांवाचा कापडाचा एक व्यापारी राहत असे. त्याला लॅटिन येत नव्हतें; विद्यापीठाची पायरीही तो कधीं चढला नव्हता. परंतु भिंगें तयार करण्यांत त्याचा हात धरणारा त्या काळीं कोणी नव्हता. पितळेच्या दोन पत्र्यांमध्यें बसविलेलें वाटाण्याहूनही लहान भिंग आणि पदार्थ टोंचून धरावयास एक सुई, एवढाच त्याच्या सूक्ष्मदर्शकाचा संसार. उट्रेख्ट येथें जपून ठेवलेल्या त्याच्या एका यंत्रांतून वस्तु सुमारें २७० पट मोठी दिसते.

मिरीं तिखट कां लागतात, हा प्रश्न १६७६ सालीं त्याच्या मनानें घेतला. ज्या मिऱ्यांच्या व्यापारापायीं डचांनीं १६६३ सालीं पोर्तुगीजांकडून कोचीन घेतलें, त्यांच्याकडे असल्या कुतूहलानें पाहणारा व्यापारी विरळाच ! त्यानें मिरीं पाण्यांत भिजत ठेवलीं. तिखटपणाचें कारण सांपडलें नाहीं. पण त्या पाण्यांत असंख्य सूक्ष्म जीव वळवळतांना दिसले. ९ ऑक्टोबर रोजीं त्यानें ही हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून धाडली.

आतां मौज पाहा. सोसायटीच्या विद्वानांना तें कांहीं केल्या दिसेना ! आणि हे विद्वान नवशिके होते असेंही नव्हे. १६६५ सालच्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथांत बुचाच्या कापांतील कप्प्यांना 'सेल' हें नांव देणारा रॉबर्ट हूक त्यांतलाच. पण लेव्हेनहूकनें निरीक्षणाची आपली उत्तम रीत गुप्त ठेवली होती. पुराव्यादाखल त्यानें धर्मोपदेशकांसह आठ प्रतिष्ठित गृहस्थांच्या साक्षी पाठविल्या. साक्षी खऱ्याच होत्या. परंतु न्यायालयांत जें पुरतें, तें प्रयोगशाळेंत पुरत नाहीं. हूकनें मिरीं पावसाच्या पाण्यांत भिजविलीं, तें पाणी अतिशय बारीक कांचनळींत घेतलें, आधीं फसला, पुन्हां खटपट केली आणि १५ नोव्हेंबर १६७७ रोजीं सोसायटीच्या सभेंत ते जीव सभासदांना दाखविले. माझ्या मतें सूक्ष्मदर्शक हें शास्त्राचें साधन झालें तें त्या दिवशीं. तोंपर्यंत तो एका माणसाचा डोळा होता.

लेव्हेनहूक १७२३ सालीं वारला, आणि त्याची रीत त्याच्याबरोबर गेली. असल्या जिवांपैकीं कांहींचा रोगांशीं संबंध आहे हें सिद्ध व्हावयास पुढें दीडशें वर्षें लागलीं. १८७६ सालीं रॉबर्ट कॉख या आडगांवच्या जर्मन डॉक्टरनें अँथ्रॅक्स हा गुरांचा रोग एका जंतूमुळेंच होतो हें सिद्ध केलें. त्यानें मात्र कांहींच झांकून ठेवलें नाहीं. आपलें सारें साहित्य बांधून तो ब्रेस्लौ येथें फर्डिनांड कोह्न या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गेला आणि त्याच्या डोळ्यांदेखत सर्व प्रयोग करून दाखविले. पुढच्याच वर्षीं त्यानें जंतूंचीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं.

लेव्हेनहूकच्या एका जुन्या पत्राला चिकटविलेल्या पुड्या १९८१ सालीं ब्रायन फोर्ड या संशोधकाला रॉयल सोसायटीच्या दप्तरांत सांपडल्या. त्यांत त्यानें आपल्या हातानें केलेले बुचाचे काप होते. तीनशें वर्षें ते तेथें तसेच पडून होते.